डाव्या हाताच्या गाठी

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात सटाण्याकडचे निवृत्ती आहेर आमच्या दारात आले आणि पिशवीतला रेडिओ त्यांनी माझ्या हातात दिला. तसं सगळेच करायचे. नाशिकला इंदिरानगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते माझ्या बायकोचं, राखीचं. पण आलेलं माणूस आधी माझ्याकडे बघायचं. मी पाटबंधारे खात्यात कारकून. मला फ्यूजसुद्धा धड बसवता येत नाही. मी रेडिओ घेतला आणि तसाच टेबलापलीकडे राखीला दिला.

राखीने सातपूरच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे अंबडच्या एका कंपनीत सर्किटं जोडायच्या लाइनवर काम केलं. धाकटी मुलगी झाल्यावर शिफ्ट जमेनात, म्हणून तिने नोकरी सोडली, पुढच्या खोलीतला दिवाण मागे ढकलला आणि तिथं टेबल टाकलं. टीव्ही जास्त यायचे, टेपरेकॉर्डर त्याहून जास्त. रेडिओ आता कुणी आणत नव्हतं.

निवृत्तीभाऊ पन्नाशीचे, कांद्याची शेती करणारे. खुर्चीच्या कडेला टेकून ते अहिराणीत म्हणाले, "हाऊ मना बापना रेडू शे, ताई." मग आमच्याकडे बघून शहरी मराठीवर आले. "जपानचा आहे. वडिलांनी मालेगावच्या बाजारातून घेतला होता. एकाहत्तरच्या लढाईत सगळं गाव ह्याच्यावर बातम्या ऐकायचं. आता कित्येक वर्षं बंद पडलाय. मालेगावला दोघांना दाखवला. ते म्हणाले, फेकून द्या."

"मग आता का काढलात?" राखीने विचारलं.

"वडील गेले मागच्या उन्हाळ्यात. गावात त्यांच्या नावानं वाचनालय होतंय. लोक म्हणाले, त्यांचा रेडिओ तिथं ठेवू. म्हटलं ठेवू, पण मुका नको."

राखीने रेडिओ फिरवून पाहिला. शिलाई मशीनच्या खोक्याएवढी लाकडी पेटी, वर तपकिरी रेक्झिन, उचलायला कातडी मूठ. पुढच्या जाळीखाली स्क्रूची दोन बारीक भोकं होती, तिथं कधीतरी काही बसवलेलं असावं. तिने मागचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"ठेवून जा, दादा," ती म्हणाली. "वेळ लागेल, पण बोलता करते."

ते गेल्यावर तिने मला हाक मारली. "अहो, इकडे या. हा जपानचा नाही."

"कशावरून?"

"हे बघा, ट्रान्झिस्टर बंगळूरचे. पेटी सागवानी. ही आतली पत्र्याची पाटी कुणीतरी हातानं कापून कानशीनं घासलीय, घासल्याच्या रेघा दिसतात. कारखान्यातल्या मशीनवर असं होत नाही. हा आपल्याकडेच कुठंतरी केलाय." मग तिने पेनानं आतला वायरींचा जुडगा दाखवला. "आणि हे बघा."

मला आधी काही विशेष दिसलं नाही. मग दिसलं. सगळ्या वायरी एकत्र घेऊन मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. बोटभर अंतरावर एक गाठ, पुन्हा बोटभर अंतरावर एक गाठ. एकही मागेपुढे नाही. एखादी वायर बाहेर पडायची तिथं गाठीनंच तिला वाट करून दिलेली.

"कंपनीत आम्हाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या द्यायचे," राखी म्हणाली. "ओढायच्या आणि कापायच्या. हे ज्यानं केलं त्याला कामाचा किती अभिमान असेल. झाकण लावल्यावर हे कुणाला दिसणारही नव्हतं."

पुढचे काही आठवडे ती हातातलं काम उरकून त्या रेडिओकडे वळायची. सेल गळून आतल्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या, त्या तिने पितळेच्या पत्र्यातून कापून नव्या केल्या. स्पीकरचा कागद झुरळांनी कुरतडला होता, तिथं पतंगाचा कागद पातळ खळीनं चिकटवला. सुकलेले कपॅसिटर बदलले. एक ट्रान्झिस्टर मेलेला निघाला. तसला आता मिळत नव्हता. शालिमारच्या एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरचं खोकं खाली काढलं आणि राखीने तिथंच जमिनीवर बसून त्यातून हवा तो शोधला. मी बाहेर स्कूटर धरून उभा.

एका दुपारी रेडिओ खरखरला आणि त्यातून मुंबई केंद्राचा निवेदक बोलायला लागला. मी टाळी वाजवली. राखी मात्र कपाळाला आठी घालून बसली होती. तिने जुडग्यातल्या एका वायरीला बोट लावलं, तर वरचं कव्हर भुगा होऊन खाली पडलं.

"सगळ्या वायरी अशाच झाल्यात," ती म्हणाली. "आज बोलतोय. गावाला नेताना हादरे बसले की आत वायरीला वायर लागून पुन्हा मुका होईल. सगळ्या बदलाव्या लागतील. म्हणजे गाठी कापाव्या लागतील."

"मग काप आणि तुझ्या त्या पट्ट्या लाव. आत कोण बघणारे?"

"मी बघितलंय ना," ती म्हणाली.

तिने वायरी बदलल्या, पण जुन्या जुडग्याचा एक तुकडा गाठींसकट जपून ठेवला. मग दोऱ्याला मेण लावून तशा गाठी मारायचा प्रयत्न सुरू झाला. सुईच्या टोकानं एक गाठ सोडवून पाहिली, दोरा कुठून कुठं जातो ते पाहिलं, पण तिची गाठ वेगळीच बसायची. पेड दुसऱ्या बाजूला कलायचे आणि दोरा ओढला की सैल पडायचे. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शेजारच्या वहिनी वाण द्यायला आल्या. त्यांच्या केसांत गजरा होता. राखीने हळदीकुंकवाचं पुढं काही व्हायच्या आत त्यांना म्हटलं, "वहिनी, जरा दिव्याखाली वाका." वहिनी बिचाऱ्या वाकल्या. राखीने भिंग लावून त्यांचा गजरा पाहिला.

"हीच गाठ आहे," ती मला म्हणाली. "थोडी वेगळी. पण घराणं हेच."

रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून गोदाकाठच्या फुलबाजारात गेलो. राखी तुकडा हातात घेऊन एकेका फुलवालीला दाखवत चालली. कुणी हसलं, कुणी गिऱ्हाईक सोडून बघितलंच नाही. सखुबाई नावाच्या एका वयस्कर बाईने मात्र गजरा ओवता ओवता हात थांबवला, तुकडा घेतला आणि उन्हात धरला.

"गजऱ्याचीच गाठ हाय ही," ती म्हणाली. "पण उलटी." तिने आपल्या दोऱ्याने तशी गाठ मारून पाहिली. "नाय पडत माझ्या हातानं. ही डावऱ्या हाताची हाय."

"इथं कुणी डावरं होतं का, मावशी?"

"एकच व्हती. मखमलाबादची नवसाबाई. माझ्या सासूच्या शेजारी बसायची. मधी काही वर्सं ती बाजारात यायचीच बंद झाली. रेडूच्या कारखान्यात जाती म्हणायची." सखुबाईने तुकडा परत दिला. "आमाला वाटायचं, थापा मारती. पुन्यांदा मग फुलंच घिऊन बसली."

"आहेत त्या अजून?"

"हायेत की. शेवंती त्यांच्याच मळ्यातून येती माझ्याकडं."

घरी येऊन राखीने रेडिओ जुन्या चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि आम्ही तसेच मखमलाबादला गेलो. वाटेत मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. परीक्षेचा निकाल बघायला चाललेल्या मुलीसारखी ती बसली होती.

मळ्यात शेवंती फुलली होती. घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणात नवसाबाईंची सून, सुवर्णा, टोपल्या धूत होती. राखीने येण्याचं कारण सांगितलं तशी ती पदर तोंडाशी नेऊन हसली.

"आत्याबाईंचा रेडिओ का? झालं. आता आठ दिवस दुसरं काही ऐकायला मिळणार नाही आम्हाला." मग आवाज उतरवून म्हणाली, "घरात टीव्ही बिघडला की म्हणतात, मी रेडिओ बनवलेत, दाखवा इकडं. आम्ही होला हो करतो. वय झालं की माणूस बोलतं काहीबाही."

नवसाबाई पडवीत खाटेवर बसून फुलं निवडत होत्या. सत्तरीच्या, काटक, जाड भिंगाचा चष्मा. राखीने त्यांना नमस्कार केला, रेडिओ त्यांच्यासमोर खाटेवर ठेवला आणि मागचं झाकण काढलं. शेजारी तो जुना तुकडा ठेवला.

म्हातारीने हात लुगड्याला पुसले. आधी तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. मग पेटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. सुवर्णाही टोपली तशीच सोडून दाराशी येऊन उभी राहिली.

"पाटी कुठं गेली?" नवसाबाईंनी विचारलं.

"कसली पाटी, आजी?"

"पितळंची. हितं बसवायचो." त्यांनी जाळीखालच्या दोन भोकांवर बोट ठेवलं. "'सुमन' लिवलेलं असायचं. म्याच बसवायची पाटी. ती बसली की रेडू झाला."

मग त्यांनी सांगितलं. जयराम नावाचे एक मिस्त्री होते. देवळालीला मिलिटरीत असताना वायरलेस दुरुस्त करायचे. तिथून सुटल्यावर त्यांनी दिंडोरी रोडला एका शेडमध्ये रेडिओ बनवायला सुरुवात केली. सेलवर चालणारे, हातात धरून मळ्यात नेता येतील असे. जोडणारी पोरं होती, पण आत वायरींचा गुंता व्हायचा आणि रेडिओ परत यायचे. एकदा ते बाजारात हार घ्यायला आले आणि नवसाबाईंचे हात बघत तिथंच उभे राहिले.

"मला वाटलं, मानूस यडा हाय," नवसाबाई म्हणाल्या. "हार दिला तरी हालंना. मग म्हणतो, बाई, असं तारेला बांधता येईल का? म्हणलं, दोरा काय, फुलाला बी बांधतो न् तारेला बी. दुसऱ्या दिवशी गेले. आधी नुसत्या गाठी मारल्या. मग त्यांनी कथलाचा डाग द्यायला शिकवलं. बाकीच्या बायकाबी आल्या मळ्यातल्या. पुढं पुढं आख्खा रेडू मी एकटी जोडायची. एकबी परत आला नाय माझा."

"मग बंद का झालं?"

"मिस्त्री आजारी पडले न् गेले. पोरांनी शेड इकली. आमी आलो माघारी फुलात."

नवसाबाईंचा मुलगा बहिरू एव्हाना मळ्यातून आला होता. हातातलं खुरपं न ठेवता तो पडवीच्या खांबाशी उभा होता. राखी त्याच्याकडे वळून म्हणाली, "दादा, मी हेच काम करते. सरकारी संस्थेत दोन वर्षं शिकले, कंपनीत काही वर्षं काढली. तुमच्या आईंच्या हातासारखं सफाईचं काम मी कुठंच पाहिलं नाही. हा रेडिओ दोन मिस्त्र्यांनी फेकायला सांगितला होता. आत बघा, ह्यांचा एकही डाग सुटलेला नाही. मी फक्त जे काळानं खाल्लं तेवढंच बदललं."

बहिरूने वाकून आत पाहिलं. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तो सरळ झाला नाही, तिथंच उकिडवा बसला.

"आई," तो म्हणाला, "मला वाटायचं तू तिथं झाडलोट करायला जाती."

"तू इचारलं व्हतं का कधी?" नवसाबाई म्हणाल्या. रागानं नाही, फुलाच्या भावाबद्दल बोलावं तसं.

राखीने नवा दोरा आणि मेणाचा खडा पुढे केला. "गाठी बांधून द्याल, आजी?"

नवसाबाईंनी दोरा मेणावरून ओढला, चुटकीत धरून ताण पाहिला आणि डाव्या हातानं पहिली गाठ टाकली. पहिलीला जरा वेळ लागला. दुसऱ्या गाठीला कमी. त्यानंतर हात कुठे अडला असं मला तरी दिसलं नाही. बहिरूने खुरपं बाजूला ठेवून दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरली. सुवर्णाने चहा केला तो निवून गेला, तिने दुसरा केला. शेवटच्या काही गाठी नवसाबाईंनी राखीला मारायला लावल्या. राखी उजव्या हाताची, तिला आरशातल्यासारखं उलटं करावं लागत होतं. म्हातारीने तिचं बोट धरून वळवलं, तेव्हा कुठे एक बरोबर पडली.

पुढच्या आठवड्यात निवृत्तीभाऊ आले. राखीने बटण फिरवलं आणि रेडिओ बोलायला लागला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. आवाज बंद केल्यावर राखीने त्यांना सांगितलं, की रेडिओ जपानचा नाही, नाशिकचा आहे.

निवृत्तीभाऊंचा चेहरा उतरला. "माझे वडील खोटं बोलणारे नव्हते, ताई."

"ते बोललेच नाहीत. त्यांना विकणाऱ्यानं वरची पाटी काढून टाकली आणि जपानचा म्हणून विकला. तेव्हा तसंच खपायचं."

ते पुन्हा रेडिओकडे पाहू लागले. मला वाटलं, आता हे नाराज होऊन जातील. एवढी वर्षं घराण्यात सांगितलेली गोष्ट आम्ही मोडली होती. पण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बनवणारा कोण ते कळलं का?"

"बनवणारी," राखी म्हणाली. "मखमलाबादला असतात."

"आहेत?"

"आहेत."

"मग चला," ते म्हणाले आणि उठलेच.

त्यांच्या जीपमधून आम्ही गेलो. निवृत्तीभाऊंनी नवसाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रेडिओ खाटेवर ठेवून सुरू केला. नवसाबाईंनी थोडं ऐकलं, मग हातानं आवाज कमी करायची खूण केली. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

"आमी बनवायचो न् टेम्पोत चढवायचो," त्या म्हणाल्या. "फुडं कुठं जातात, कोण ऐकतं, काय कळायचं नाय. तुमी कुठं ठिवला व्हता?"

"ओट्यावर, माय. सगळ्यांना ऐकू जावा म्हणून."

"कुठवर जायचा आवाज?"

"विहिरीपर्यंत. लढाईत तर मारुतीच्या पारापर्यंत माणसं बसायची. ढाक्याला शत्रूनं शरणागती पत्करली ती बातमी ह्याच्यावरच आली. वडिलांनी आवाज मोठा केला, न् लोकांनी देवळातली घंटा वाजवायला सुरुवात केली, ती थांबेचना. एरवी मात्र हा माझ्या आईकडे असायचा. कांद्याच्या चाळीत निवडायला बसली की मूठ धरून घेऊन जायची, शेजारी ठेवायची. गाणी लागली की हात भरभर चालायचे तिचे."

"बाई ऐकायची?" नवसाबाई पुढे सरकल्या.

"रोज. वडिलांपेक्षा जास्त तीच."

नवसाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. "चांगलं झालं," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी आम्ही निघेपर्यंत त्यांनी निवृत्तीभाऊंना त्या बाईबद्दल विचारायचं सोडलं नाही. कुठली गाणी आवडायची, कांदा निवडताना बसायची कशी, रेडिओ बंद पडला तेव्हा काय म्हणाली.

निवृत्तीभाऊंनी जाताना भांडी बाजारातल्या कारागिराकडून पितळेची नवी पाटी करून घेतली. राखीने ती बसवली. तिच्यावर 'सुमन' होतं आणि खाली बारीक अक्षरात 'नाशिक'.

वाचनालयाचं उद्घाटन उन्हाळा लागायच्या तोंडावर झालं. निवृत्तीभाऊ जीप घेऊन स्वतः न्यायला आले. नवसाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बहिरू आणि सुवर्णा दोघंही आले होते, मळा शेजाऱ्यावर सोडून. मांडवात गाव जमलं होतं. टेबलावर रेडिओ होता आणि त्याच्यामागच्या खुर्च्यांवर सरपंच, हेडमास्तर, राखी आणि नवसाबाई. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. बोलणाऱ्याने माईकवरून "रेडिओ दुरुस्त करणाऱ्या राखीताई" म्हटलं, तेव्हा माझी मान इतकी ताठ झाली होती, की मागच्या माणसानं मला जरा खाली सरकून बसायला सांगितलं.

मग त्याने नवसाबाईंचं नाव घेतलं. माझ्या शेजारी बसलेल्या सुवर्णाला कुणीतरी विचारलं, "ह्या कोण?"

"आमच्या आत्याबाई," सुवर्णा म्हणाली. "हा रेडिओ त्यांनी बनवलाय."

हेडमास्तरांनी नवसाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या उठल्या, माईक जरा लांबच ठेवून बोलल्या, पण मांडवाच्या शेवटच्या टोकाला ऐकू गेलं.

"मी फुलंवाली," त्या म्हणाल्या. "मधी काही वर्सं रेडू बनिवले. चांगले बनिवले."

आणि त्या खाली बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संपल्या असं वाटलं, तर बायकांच्या बाजूनं पुन्हा सुरू झाल्या.

परतताना जीपमध्ये राखी आणि नवसाबाई मागच्या सीटवर शेजारी बसल्या. पिंपळगाव येईपर्यंत दोघींचं बोलणं चालू होतं. डाग देताना धूर नाकात जाऊ नये म्हणून मान कशी धरायची, मेण कुठलं घ्यायचं, बारीक काम असलं की दिवा कुठल्या बाजूला लावायचा. बहिरू त्यांच्याकडे वळून बसला होता आणि मधूनमधून काहीतरी विचारत होता. नवसाबाई त्याला सावकाश सांगत होत्या.